अळूशेजारच्या मुंगीच्या घरात पाणी शिरलं

अंगणात भिंत होती. भिंतीपाशी अळू होतं. अळूशेजारी भोक होतं. भोकात घर होतं. आणि घरात कोण होतं? मुंगी!

काळी मुंगी. एवढीश्शी. काळी मुंगी चावत नाही बरं का. ती नुसती चालते. तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंगीकडे एक साखरेचा दाणा होता. आणि सात अंडी होती. पांढरी पांढरी, खसखशीएवढी.

एका सकाळी मुंगी उठली. पाहते तर काय, जमीन ओली! भिंत ओली! टिप टिप, टिप टिप. आणि साखरेचा दाणा? विरघळून गेला!

मुंगीला रडूच आलं. पण रडत बसून कसं चालेल? तिने एकेक अंडं उचललं. बाहेर आणलं. करवंटीच्या सावलीत ठेवलं. सावली होती छोटी. ऊन येत होतं मोठं.

"गप पडून राहा हं. मी आलेच!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाण्याकडे गेली.

"पाणीदादा, पाणीदादा, थांब ना!
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

पाणी म्हणालं, "मी कशाला थांबू? वाट दिसली की मला धावायचंच. पाइप जुळेल, तर मी थांबेन. नाहीतर नाही!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. जमिनीखालच्या पाइपकडे गेली.

"पाइपदादा, पाइपदादा, जुळ ना!
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

पाइप म्हणाला, "मी कसा जुळू? पोटाला पडली चीर. अंगावर बसली माती. माती सरकेल, तर मी जुळेन. नाहीतर नाही!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मातीकडे गेली.

"मातीताई, मातीताई, सरक ना!
पाइप जुळत नाही,
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

माती म्हणाली, "मी कशाला सरकू? कशी छान गारगार पडलेय! कुदळ उठेल, तर मी सरकेन. नाहीतर नाही!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत वळून पाहिलं. ऊन थोडं पुढे सरकलं होतं. मुंगी आणखी जोरात पळाली. कुदळीकडे गेली. कुदळ आडवी झोपली होती.

"कुदळबाई, कुदळबाई, ऊठ ना!
माती सरकत नाही,
पाइप जुळत नाही,
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

कुदळ म्हणाली, "मी कशी उठू? मला ना हात, ना पाय. बाबा उचलतील, तर मी उठेन. नाहीतर नाही!"

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाबांकडे गेली.

बाबा पायरीवर बसले होते. कपाळाला हात लावून. दोन दिवस झाले, टाकी भरत नव्हती. पाणी कुठेतरी गळत होतं. पाइप पुरला कुणी? बाबांनीच. कुठे पुरला? तेच विसरले! पपईपाशी खणलं. पाइप नाही. पायरीपाशी खणलं. पाइप नाही. मग दिली कुदळ टाकून.

"बाबा, ओ बाबा, कुदळ उचला ना!
कुदळ उठत नाही,
माती सरकत नाही,
पाइप जुळत नाही,
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

बाबा म्हणाले, "अगं मुंगीबाई, उचलतो की! पण पाइप आहे तरी कुठे?"

"अळूखाली! अळूखाली!"

बाबांनी जीभ चावली. "अळूखाली? अरे देवा! ते तर शकूआत्याचं अळू. पानाला हात लावला, तरी ओरडेल मला! आत्या अळू काढेल, तर मी कुदळ उचलेन. नाहीतर नाही!"

एवढे मोठे बाबा. आणि आत्याला घाबरतात!

मुंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आत्याकडे गेली. आत्याच्या मांडीवर बसली होती छोटी बनू. आत्याच्या हातात होती मऊ भाताची वाटी.

"आत्या, ए आत्या, अळू काढ ना!
बाबा कुदळ उचलत नाहीत,
कुदळ उठत नाही,
माती सरकत नाही,
पाइप जुळत नाही,
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

आत्या म्हणाली, "काय? माझं अळू? पानं बघ, सुपाएवढी झालीत! आणि थेंबभर पाणी घातलं नाही हो मी. माझ्या हाताचा गुणच तसा! शिवाय ही बनू बघ. सकाळपासून तोंड मिटून बसलीय. बनू घास खाईल, तर मी अळू काढेन. नाहीतर नाही!"

मुंगी वळली. बनूकडे गेली.

"बनू, ए बनू, घास खा ना!
आत्या अळू काढत नाही,
बाबा कुदळ उचलत नाहीत,
कुदळ उठत नाही,
माती सरकत नाही,
पाइप जुळत नाही,
पाणी थांबत नाही,
माझं घर ओलं, अंडी उघड्यावर!"

बनू म्हणाली, "नाय!"

आणि तोंड घट्ट मिटलं.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. तिकडे ऊन करवंटीला लागलं होतं. मुंगीचा जीव कासावीस झाला.

समोर बनूचं पाऊल होतं. गुबगुबीत, गुलाबी. मुंगी पावलावर चढली. हळूच चालली. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगठ्यावरून. करंगळीवरून. तळपायावरून.

गुदुगुदु, गुदुगुदु!

बनू खुदकन हसली! तोंड उघडलं! आत्याने पटकन घास घातला. हाम!

बनू घास खाऊ लागली. आत्या उठली. पदर खोचला. अळू धरलं. हेइश्शा... उप्प! अळू बाहेर आलं.

आणि खाली काय? चिखलच चिखल! पाणीच पाणी!

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "म्हणजे माझ्या अळूला पाणी हा पाइप घालत होता!"

आत्या ओशाळली. मग स्वतःच खो खो हसली. बाबाही हसले, पण तोंड फिरवून. आत्याने एक मोठ्ठं पान घेतलं. करवंटीवर पांघरलं. ऊन बाहेर, अंडी आत. गार गार सावलीत!

बाबांनी पाण्याची चावी बंद केली. कुर्र! बाबांनी कुदळ उचलली. कुदळ उठली. खप खप, खप खप. माती सरकली. भस्स! पाइप दिसला.

"सापडला रे सापडला!"

बाबांनी फुटका तुकडा कापला. खर्र खर्र. नवा तुकडा घातला. चिकटवला. घट्ट धरून ठेवला. पाइप जुळला.

"कुणी हात लावू नका हं. वाळू दे."

सगळे वाट बघत बसले. बाबा बसले. आत्या बसली. बनू बसली. मुंगी बसली. मग बाबांनी चावी उघडली. कुर्र! सगळ्यांनी वाकून पाहिलं.

थेंब आला? नाही.

आता आला? नाही.

आता? नाही, नाही, नाही!

पाणी थांबलं!

"हुश्श!" बाबा म्हणाले.
"हुश्श!" आत्या म्हणाली.
"हुश्श!" बनू म्हणाली.
मुंगीनेही म्हटलं, "हुश्श!" पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

बाबांनी खड्डा बुजवला. आणि वर एक मोठा दगड ठेवला. आता नाही विसरणार! आत्याने अळूचे कांदे न्हाणीमागे लावले. तिथे रोज आंघोळीचं पाणी मिळतं. पानांच्या झाल्या अळूवड्या. खमंग, कुरकुरीत. बनूने दोन खाल्ल्या!

संध्याकाळी मुंगीचं घर वाळलं. मुंगीने एकेक अंडं आत नेलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सगळी सुखरूप!

मग आत्या आली. भोकापाशी वाकली. चिमूटभर साखर ठेवली.

"घे गं बाई. तुझ्यामुळे सगळं झालं."

मुंगीचा गेला होता एक दाणा. आले किती? एवढे! एवढे! मोजता मोजता मुंगीला झोप लागली. कोरड्या घरात, अंड्यांना कुशीत घेऊन.

गोष्ट पोचली मुंगीच्या घरी. आता तुझं पाऊल दाखव बघू. मुंगी आली... मुंगी आली...

गुदुगुदु, गुदुगुदु!