बुलबुलबाईची गरम भाकरी

करवंदीच्या जाळीत एक घरटं होतं. घरट्यात एक चूल होती. चूल एवढीशी, तवा एवढासा, आणि चुलीपाशी बुलबुलबाई. तिच्या डोक्यावर काळा काळा तुरा.

आणि पाटावर कोण? पाटावर बुलबुलराव. तिचा नवरा.

बुलबुलबाईने विचारलं, "अहो, आज काय करू?"

"काहीही कर."

"पिठलं करू?"

"पिठलं नको."

"मेथी करू?"

"मेथी कडू."

"मग वरण करू?"

"वरण कालच झालं."

"मग करू तरी काय?"

"काहीही कर. मी काही बोलतो का?"

ऐकलंत? काहीही कर म्हणे.

बुलबुलबाईने वांग्याचं भरीत केलं. मग भाकऱ्या थापायला घेतल्या. थाप थाप थाप. एक भाकरी केली. गरम हवी म्हणाले राव. खाल्ली. दुसरी केली. डाग नको म्हणाले राव. खाल्ली. तिसरी केली. फुगलेली हवी म्हणाले राव. तीही खाल्ली.

चौथी भाकरी कोणाची? चौथी बुलबुलबाईची. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली. भाकरी फुगली टम्म. तिने ती आपल्या ताटात ठेवली आणि पाण्याचा तांब्या आणायला वळली.

मचक मचक मचक.

वळून बघते तर ताट रिकामं.

"अहो, माझी भाकरी?"

"ती होय? गरम होती गं. निवली असती."

रोज असंच. रोज तिला उरलेलं. रोज तिला निवलेलं. आणि आज तेही नाही. बुलबुलबाईला असा राग आला, असा राग आला, की डोक्यावरचा तुरा उभाच राहिला.

"डब्यात मूठभर पीठ आहे," ती म्हणाली. "उठा. मला एक गरम भाकरी करून द्या."

"मी? अगं, मी जेवतोय. जेवताना मी उठत नाही. तूच कर."

"मी करणार आणि तुम्ही खाणार. आज मी नाही करायची."

आणि निघाली बुलबुलबाई.

तुरा ताठ, शेपूट वर,
टुणुक टुणुक, राग चोचीवर.

गेली ती बोक्याच्या घरी. बोका पाटावर बसला होता. साय-भाकरी खात होता. मचक मचक. बोक्याची बायको मनी चुलीपाशी उभी होती. थाप थाप थाप.

"बोकोबा, बोकोबा, रावांना उठवा."

"का गं? झालं काय?"

"भाकरी माझी, खाल्ली रावांनी.
राव काही उठत नाहीत."

बोका म्हणाला, "छे गं. मी जेवतोय. जेवताना मी उठत नाही." आणि मनीला म्हणाला, "अगं, वाढ अजून एक. गरम वाढ."

मनीने घाम पुसला. तिने वाढली.

तुरा ताठ, शेपूट वर,
टुणुक टुणुक, राग चोचीवर.

गेली ती कोल्ह्याच्या घरी. कोल्हा पाटावर बसला होता. काकडी-भाकरी खात होता. कचक मचक. कोल्हीण चुलीपाशी उभी होती. थाप थाप थाप.

"कोल्होबा, कोल्होबा, बोक्याला उठवा."

"का गं? झालं काय?"

"भाकरी माझी, खाल्ली रावांनी.
राव काही उठत नाहीत.
बोका रावांना उठवत नाही."

कोल्हा म्हणाला, "छे गं. मी जेवतोय. जेवताना मी उठत नाही." आणि कोल्हिणीला म्हणाला, "अगं, वाढ अजून एक. गरम वाढ."

कोल्हिणीने घाम पुसला. तिने वाढली.

उठत नाही म्हणे. पाय नाहीत का उठायला? चांगले चार चार आहेत.

तुरा ताठ, शेपूट वर,
टुणुक टुणुक, राग चोचीवर.

गेली ती वाघाच्या घरी. वाघ पाटावर बसला होता. ठेचा-भाकरी खात होता. मचाक मचाक, हुश्श हुश्श. वाघीण चुलीपाशी उभी होती. थाप थाप थाप.

एवढा मोठा वाघ. पण बुलबुलबाई घाबरली नाही. रागात कोण घाबरतं?

"वाघोबा, वाघोबा, कोल्ह्याला उठवा."

"का गं? झालं काय?"

"भाकरी माझी, खाल्ली रावांनी.
राव काही उठत नाहीत.
बोका रावांना उठवत नाही.
कोल्हा बोक्याला उठवत नाही."

वाघ म्हणाला, "छे गं. मी जेवतोय. जेवताना मी उठत नाही." आणि वाघिणीला म्हणाला, "अगं, वाढ अजून एक. गरम वाढ."

वाघिणीने घाम पुसला. तिने वाढली.

तुरा ताठ, शेपूट वर,
टुणुक टुणुक, राग चोचीवर.

गेली ती हत्तीच्या घरी. हत्ती पाटावर बसला होता. पाट केवढा? अंगणाएवढा. हत्ती गूळ-भाकरी खात होता. घबाक घबाक. हत्तीण चुलीपाशी उभी होती. थाप्प थाप्प थाप्प.

"हत्तीदादा, हत्तीदादा, वाघाला उठवा."

"का गं? झालं काय?"

"भाकरी माझी, खाल्ली रावांनी.
राव काही उठत नाहीत.
बोका रावांना उठवत नाही.
कोल्हा बोक्याला उठवत नाही.
वाघ कोल्ह्याला उठवत नाही."

हत्ती म्हणाला, "छे गं. मी जेवतोय. जेवताना मी उठत नाही." आणि हत्तिणीला म्हणाला, "अगं, वाढ अजून एक. गरम वाढ."

आता कुठे जायचं? हत्तीहून मोठं तर कोणीच नाही.

बुलबुलबाई तिथेच बसली. चुलीपाशी, हत्तिणीच्या पायाजवळ. तिला रडू आलं. हत्तीण खाली वाकली.

"रडू नकोस गं बाई. भूक लागली ना?"

"लागली. तुम्ही जेवलात का हो, हत्तीणकाकू?"

"मी? मी मागून जेवते. सगळ्यांचं झालं की."

"गरम भाकरी कधी खाल्ली होती?"

हत्तीण आठवायला लागली. हत्तिणीला सगळं आठवतं. लहानपणी कुठल्या ओढ्यात पाय घसरला, तेही आठवतं. कुठल्या आंब्याचा आंबा आंबट, तेही आठवतं. पण गरम भाकरी काही आठवेना. खूप आठवलं. तरी आठवेना.

हत्तिणीचे कान ताठ झाले. तिने तवा उचलला आणि खाली ठेवला. धप्प.

हत्ती म्हणाला, "अगं, वाढ अजून एक. गरम वाढ."

हत्तीण म्हणाली, "नाही वाढत."

"अगं, पण मी जेवतोय."

"काय जेवताय? बघा बरं ताटात."

हत्तीने ताटात बघितलं. ताट रिकामं.

"आता उठा," हत्तीण म्हणाली. "आधी वाघाला उठवून या. मग मला भाकरी करा."

हत्ती उठला. हत्तीण पाटावर बसली.

हत्ती गेला वाघाकडे. धप धप धप. "ऊठ रे वाघा. त्या कोल्ह्याला उठव."
वाघ उठला. वाघीण पाटावर बसली.

वाघ गेला कोल्ह्याकडे. गुर्र गुर्र गुर्र. "ऊठ रे कोल्ह्या. त्या बोक्याला उठव."
कोल्हा उठला. कोल्हीण पाटावर बसली.

कोल्हा गेला बोक्याकडे. हुकी हुकी हुकी. "ऊठ रे बोक्या. त्या रावांना उठव."
बोका उठला. मनी पाटावर बसली.

बोका गेला करवंदीच्या जाळीत. म्यांव म्यांव म्यांव. "उठा हो राव. उठता, की येऊ आत?"

बुलबुलराव टुणकन उठले.

बोक्यामागून आलेली बुलबुलबाई पाटावर बसली.

रावांनी डबा उघडला. मूठभर पीठ परातीत ओतलं. पाणी जास्तच पडलं. पीठ चोचीला चिकटलं, पंखाला चिकटलं, तुऱ्यालाही चिकटलं.

"अगं, हे असं चिकटतं?"

"रोज चिकटतं."

"आणि हा धूर डोळ्यांत जातो?"

"रोज जातो."

रावांनी डोळे पुसले. थाप... थाप... थाप. भाकरी झाली वाकडी. एक बाजू जाड, एक बाजू पातळ. मधे एक भोक. पण निखाऱ्यावर धरली आणि भोकाशेजारी एवढीशी फुगली. राव तिच्याकडे बघतच राहिले.

त्यांनी ती ताटात वाढली. वर भरीत घातलं. भाकरीतून वाफ येत होती.

बुलबुलबाईने एक घास घेतला. चोच भाजली. तिने फुंकर मारली. फू फू फू. मग दुसरा घास घेतला. मग तिसरा. कोणीही काही मागितलं नाही. तिने सगळी भाकरी खाल्ली. भोकाच्या कडासुद्धा खाल्ल्या.

संपली भाकरी, संपली गोष्ट.

ही गोष्ट कोण वाचतंय? बाबा का? मग बाबा, आता पुस्तक मिटा आणि उठा. आई अजून जेवायची आहे.