मुका ब्रेक

घाटाच्या तिसऱ्या वळणावर उत्तम खिलारे मोटारसायकलसह दरीत गेला आणि मेला. एजन्सीच्या कचेरीत चौकशीला आलेल्या फौजदारांपुढे, तो कामाला होता त्या कुरिअर एजन्सीचे मालक भाऊसाहेब हळहळले, "पोरगा बेफाम चालवायचा हो! गाडीचा काय दोष? ब्रेक किंचाळतात म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची, तर परवाच दोन्ही गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करून घेतले. आता हूं की चूं नाही."

मेलेला माणूस उठून भांडत नाही, याची त्यांना खात्री होती.

पण उत्तमची बायको सुलभा दाराशीच उभी होती. ब्रेकचे झिजलेले लायनर बदलायचे सोडून मालकानं त्यांवर तेल सोडायला लावलं, आवाज गेला पण ब्रेकची पकडही गेली, हे उत्तम तिला जेवताना बोलला होता. तिच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?

"भाऊसाहेब, बाहेर उभ्या दुसऱ्या गाडीचीही तशीच दुरुस्ती झाली ना?"

"अगदी तश्शीच!"

"मग मला घाटाखालच्या दवाखान्यात सोडा. प्रेत ताब्यात घ्यायचंय. मी मागे बसते."

"अगं, जीप देतो की."

"जीप कशाला? ह्या गाडीला काय झालंय?"

फौजदारांनी खिळ्यावरची किल्ली काढून भाऊसाहेबांपुढे धरली. त्यांचा हात काही पुढे येईना.

"घ्या की," सुलभा म्हणाली. "तुम्ही थोडेच बेफाम चालवता?"

फौजदारांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि गाडी जप्त करायला सांगितली. सुलभा प्रेत ताब्यात घ्यायला एसटीनं गेली.