तारा हलतो

“मग त्या ग्रहाचं पुढे काय होतं?” तंबोऱ्याची खुंटी पिळत विरूपाक्षबुवांनी विचारलं.

“जळतो, बुवा.”

शर्वाणी रंगमंचाच्या मागे बुवांसमोर बसली होती. पडद्यापलीकडे माणसं खुर्च्यांवर बसत होती. आज ती पहिल्यांदाच एकटी गाणार होती. आजवर मैफलीत ती बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसायची, त्यांच्या सुरात सूर मिसळायची.

“आपल्या जवळचाच तारा आहे. ग्रह प्रचंड, आपल्या गुरूपेक्षा मोठा. पण ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की तारा त्याची हवा उडवून नेतो. रोज थोडी थोडी... संपतोय तो.”

“हं. कॉलेजात हे शिकवतात?”

“थट्टा नको, बुवा! मी तोंड उघडलं की तुमचाच आवाज येतो. लोक नक्कल म्हणतात, आणि खरं तेच म्हणतात. माझं काही उरलेलंच नाही. मी बाहेर जाऊन सांगते, आज गाणं नाही.”

बुवांनी तार छेडली. उतरली होती. पुन्हा पिळली.

“हा ग्रह कुणी पाहिला?”

“कुणीच नाही. ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसत नाही.”

“मग आहे कशावरून?”

“तारा हलतो, बुवा. अगदी किंचित. ग्रह त्याला ओढत असतो ना...”

“असं.”

...

बुवांनी डोळे मिटले आणि आलाप घेतला. सूर चढत गेला, सप्तकाच्या शेवटच्या स्वरावर, निषादावर आला. आता वरचा सा, षड्ज.

पण षड्ज आला नाही. सूर निषादावरच क्षणभर घुटमळला, मग वर गेला.

शर्वाणी दचकली. ही तिची खोड. याच खोडीपायी बुवांनी तिला कितीदा झापलं होतं. “उंबऱ्यात काय उभी राहतेस? आत ये की!” असं सगळ्यांदेखत ओरडले होते.

बाहेर माइकवर तिचं नाव पुकारलं गेलं.

ती उठली. पडद्याला हात लावून थांबली.

“बुवा... तुम्ही निषादावर थांबलात.”

बुवांनी तंबोरा उचलून तिच्यापुढे धरला.

“बरेच दिवस लागलीय ही खोड, पोरी. मोडू म्हणतो, मोडत नाही.”