रताळ्यानं धाडलेला कोंब

फार पूर्वी, मुळंसुद्धा बोलत तेव्हाची गोष्ट. मातीखालचं एक रताळं आपल्या वेलाला सारखं टोमणे मारी, “तू वर ऊन खात लोळतोस, राबतो मी.”

शेजारच्या चौकस गांडूळमावशी म्हणाल्या, “बाळा, तुझ्या पोटातली साखर त्या उन्हातूनच येते हो.”

“मावशी, तुम्हाला डोळे तरी आहेत का?”

एकदा शेळी वेल ओढू लागली. “घट्ट धर,” वेल ओरडला. रताळ्यानं मुद्दाम सैल सोडलं. वेल गेला.

पुढं रताळं वाढेना, उलट सुरकुतू लागलं. घाबरून त्यानं उरलंसुरलं बळ लावून एक कोंब वर धाडला.

“पोचलास का रे? काय दिसतंय?”

“फार लांबून कुणीतरी ऊब धाडतंय, दादा. आपल्याला, आणि त्या शेळीलाही.”

रताळ्यानं त्याला घट्ट धरलं. कोंबानं पहिलं पान उघडलं.