एका चेहऱ्याचा कुंचला

राजाचं नाव विसरलात तरी चालेल; त्याच्या चित्रशाळेत रंग घोटणारी बकुळा तेवढी ध्यानात ठेवा. एवढीशी पोर. आई देवीच्या साथीत गेली, आणि मामाच्या घरी भाकर कमी, बोलणी जास्त. मामा दरबारचा चितारी. तळहाताएवढ्या कागदावर राजे काढायचा, सरदार काढायचा. राण्याही काढायचा, पण पडद्याआडच्या बायका त्याला कोण दाखवणार? मग सगळ्या राण्यांना एकच नाक आणि एकच मासोळी डोळा.

बकुळेला आईचं चित्र हवं होतं. पण गरिबाचं चित्र कोण काढतो? आणि आईचा चेहरा तर मनातून रोज थोडा पुसला जात होता. हनुवटी गेली. आता भुवया चालल्या होत्या.

एका सकाळी बागेत ती रंगाचे शिंपले धूत रडत होती, तोच जास्वंदीच्या कळीतून इवलीशी परी बाहेर आली. पंख सोनेरी वर्खाचे, झगा मोरपिशी, पायांत दवाचे पिटुकले पैंजण.

"रडू नको गं बाळे. हा घे खारीच्या केसांचा कुंचला. मनातला चेहरा हुबेहूब उतरवेल. पण एकच! मग याचे केस झडतील."

"आणि उशीर झाला तर?"

"मनातून गेलेला चेहरा मलाही आणता येत नाही."

बकुळा धावत आत गेली. लालचुटूक हिंगूळ कालवला, आणि दारात राणी उभी! पडदाबिडदा सगळा टाकून आलेली. तिची चिमुकली राजकन्या नुकतीच तापानं गेली होती. मामानं काढलेलं चित्र तिनं त्याच्याच अंगावर भिरकावलं.

"ही कोण बाई? माझी लेक दुधाच्या दातांची होती रे मेल्या!"

मामानं राजकन्येला कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं बकुळेनं. उरलेले रंग खेळायला नेऊन द्यायची ना ती!

बकुळेनं डोळे मिटले. आईच्या भुवया अजून होत्या. अजून जमलं असतं.

"आई, रागावू नको हं," ती पुटपुटली, आणि तिनं राजकन्येचं हसू काढलं, पडक्या दातासकट.

"हीच! हीच गं माझी लबाड!" राणीनं चित्र उराशी धरलं.

कुंचल्याचे केस झडले. राणीनं गळ्यातला गोफ काढून दिला, तो मामानं झेलला. "मीच शिकवलंय पोरीला, राणीसाहेब."

बकुळा बागेत आली. परी वाटच पाहत होती.

"गुणाची गं माझी! आता जो समोर बसेल, त्याचा चेहरा तुझ्या हातून जिवंत उतरेल. जन्मभर."

"आणि माझी आई?"

परीनं मान खाली घातली.

"मग कसली गं परी तू?"

परी सोनेरी, निळी, केशरी लखलखली आणि उजेडात विरून गेली. सगळी बाग झगमगली. बकुळेनं डोळे मिटून पाहिलं. भुवयाही गेल्या होत्या.

कुंपणाशी एक बाई काखेत तान्हं घेऊन गवत कापत होती.

"मावशे, इकडं ये. बस समोर."

"माझं चित्र? मी काय राणी आहे का गं?"

"तुझ्यासाठी नाही, ह्याच्यासाठी," बकुळेनं तान्ह्याकडं बोट केलं. "हलू नको."