उरकुडा गायकी आणि बिनमालकाची भट्टी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा हिरडटोल्याला रस्ता नव्हता, जंगल थेट तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, येऊन थांबलेलं होतं आणि दिवस कलला की माणसं दाराला आगळ घालत. त्या गावात उरकुडा नावाचा गुराखी राहायचा. तिकडं गुराख्याला गायकी म्हणतात. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मग उचलून घरी आणलं. टाकून दिलेलं पोर आहे असं समजून मरणानं पाठ फिरवावी, म्हणून. त्यावरून त्याचं नाव पडलं उरकुडा.

गावातलं प्रत्येक जनावर त्याला नावानं ठाऊक होतं. तिन्हीसांजेला तो पाळीवर उभा राहून हाका मारी, चांदी, मोरनी, कपिली, बुटकी. ज्या गाईचं नाव घेतलं तीच तेवढी झाडीतून बाहेर येई आणि बाकीच्या आपलं नाव येईपर्यंत आतच उभ्या राहत, असं म्हणतात.

मग एका उन्हाळ्यात गुरांची साथ आली. निम्म्याहून जास्त कळप गेला. उरकुडानं स्वतःच्या हातानं खड्डे खणले आणि जनावरं पुरली. पण संध्याकाळी पाळीवर उभा राहिला की मेलेल्या गाईंची नावं आपोआप त्याच्या ओठांवर येत. ती गिळायला त्याला काहीतरी हवं होतं.

नाल्यापलीकडं एका जुन्या मोहाखाली भट्टी होती. आता मोहाचं झाड काही वाईट नव्हे, बरं का. दुष्काळात त्याच फुलांनी गावची लेकरं जगवली. पण ती भट्टी कोणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. तिच्याखाली लाकूड सारताना कधी कोणी दिसलं नाही, तरी जाळ विझत नसे. मडक्यातून दारू ठिबकत राही. बाजूला पळसाच्या पानांचे द्रोण लावून ठेवलेले असत. प्यायला बसलेल्याकडं मोल मागायलाही कोणी येत नसे.

मोल मात्र जाई. प्रत्येक द्रोणागणिक माणसाच्या आठवणीतलं एकेक नाव जाई, असं म्हणतात.

उरकुडाची आधी गाईंची नावं गेली. त्याला बरंच वाटलं, कारण त्याला तेच हवं होतं. पण मग जित्या गाईही झाडीत उभ्या राहू लागल्या. तो नुसता "ये, ये" करी आणि त्या त्याच्याकडं बघत राहत. मग शेजाऱ्यांची नावं गेली. आणि एका संध्याकाळी तो घरी आला, तर चुलीपाशी एक लहान मुलगी भात खात होती.

"ही कोणाची पोरगी होय?" त्यानं बायकोला विचारलं.

त्याची बायको भागरता हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "अजी, असं काय बोलता? सगुणा होय. आपली सगुणा."

त्यानं मान हलवली, पण ते नाव त्याच्या कानात थांबलं नाही. मुलगी बापाकडं बघत होती आणि तिनं हातातला घास खाली ठेवला.

त्यानंतर भागरतानं त्याच्या दंडाला मंतरलेला दोरा बांधला. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अशा शपथा त्यानं किती घेतल्या आणि किती मोडल्या, ते त्यालाच ठाऊक. सूर्य झाडांमागं उतरला की उकडलेल्या मोहाचा वास घरात शिरे आणि पाय आपले आपण चालू लागत.

अशाच एका संध्याकाळी भट्टीपाशी द्रोण उचलताना त्यानं पहिल्यांदा आजूबाजूला नीट बघितलं. त्या मोहाखाली पुष्कळ माणसं बसलेली होती. आपापला द्रोण धरून, गप्प. काहींच्या मांडीवर पानं साचली होती. एकाच्या उघड्या डोळ्यांवरून मुंग्या चालल्या होत्या, तरी त्याची पापणी लवत नव्हती. काहींच्या जागी नुसते पानांचे ढीग होते, माणूस बसावा तेवढे. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक जागा स्वच्छ झाडून ठेवलेली होती. एका माणसापुरती.

उरकुडाच्या हातून द्रोण गळाला. तो पळाला. पण ज्या वाटेनं पळावं ती वाट फिरून त्याच मोहाखाली येई. नाल्याच्या बाजूनं गेला, तरी मोह. सूर्याच्या दिशेनं गेला, तरी मोह. मोठ्यानं आपलं नाव घेतलं तर वाट सापडते, हे त्याला म्हाताऱ्यांनी सांगितलेलं होतं. त्यानं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात झाडीतून कोणाचं तरी रडणं ऐकू आलं. बघतो तर एक माणूस झाडाला मिठी मारून बसलेला.

"कोण होय गा?" उरकुडानं विचारलं.

"मले आठवून नाही राहिलं," तो म्हणाला. मग त्यानं डोळे पुसून वर बघितलं. "पण तुले मी ओळखतो. तू उरकुडा. उरकुडा गायकी."

ते नाव कानावर पडलं आणि उरकुडाच्या पायाखाली वाट दिसू लागली. त्यानं त्या माणसाच्या हातांकडं बघितलं, बांबूच्या कामट्यांनी चिरलेले ते हात त्यानं ओळखले. "अरे, तू तर लटारू! टोपल्या विणणारा लटारू!"

दोघांनी एकमेकांचे हात धरले. वाट मिटू लागली की एक म्हणे "उरकुडा", दुसरा म्हणे "लटारू". असं करत ते तलावाच्या पाळीवर आले आणि तिथंच खाली बसून लहान पोरांसारखे रडले.

"मले माझं नाव सांभाळता येत नाही," लटारू म्हणाला.

"मग माझ्यापाशी ठेव," उरकुडा म्हणाला. "माझं तू ठेव."

दुसऱ्या दिवशी वास आलाच. पण उरकुडानं पाय पाळीकडं वळवले. लटारूही आला. झाडीतून कोणी बोलावत होतं, अगदी जिव्हाळ्याच्या आवाजात, "ये गा, ये गा." तो आवाज कोणाचंच नाव घेत नसे. लटारू म्हणाला, "उरकुडा." उरकुडा म्हणाला, "ओ." अंधार पडेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरी आल्यावर उरकुडानं पोरीला जवळ घेतलं, पण तिचं नाव अजून त्याला आलं नव्हतं. ते बऱ्याच दिवसांनी आलं. तेव्हा ती अंगण झाडत होती आणि त्यानं "सगुणा" म्हणून हाक मारली, तर तिच्या हातचा खराटा खाली पडला.

काही दिवसांनी पाळीवर तिसरं माणूस आलं. बेनाबाई नावाची विधवा होती. ती चोरून पीत होती आणि गावात ते कोणाला माहीत नव्हतं. ती आधी लांब बसली. लटारूनं तिच्याकडं न बघता विचारलं, "बाई, तुमचं नाव आमच्यापाशी ठेवता का?" तेव्हा ती उठून जवळ आली.

मग सगुणाला ताप आला. तिच्या उशाशी बसलेल्या उरकुडाला पाळीवर जायला उशीर झाला. पोचला तेव्हा बेनाबाई एकटीच उभी होती.

"लटारूभाऊ तुमची वाट बघून गेला असेल," ती म्हणाली. "मी आली तवा तो नाल्यापलीकडं जात दिसला. हाक मारली, पण त्यानं ओ नाही दिली."

उरकुडा जंगलाकडं बघत राहिला. त्याला त्या जागेची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही, की तिथं जायचं म्हटल्याबरोबर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"बेनाबाई, मी आत जातो. तू इथं उभी राहा अन् माझं नाव घेत राहा. थांबू नको."

"बाईमाणसानं परक्या पुरुषाचं नाव असं ओरडून घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तू नाव घे."

तो नाला ओलांडून गेला. झाडून ठेवलेल्या जागी लटारू बसला होता. पावलांवर पानं चढली होती.

"लटारू, ऊठ."

लटारू हसला. "तो कोण?"

उरकुडा त्याला रागावला नाही. शेजारी बसला. आणि बसताक्षणी त्याच्या हातात भरलेला द्रोण होता. कोणी दिला ते दिसलं नाही. द्रोण थंडगार होता आणि त्या वासात त्याच्या साऱ्या मेलेल्या गाई हंबरत होत्या. त्यानं तो ओठांपर्यंत नेला, असं म्हणतात. तेवढ्यात झाडांपलीकडून बेनाबाईचा चिरका आवाज आला, "उरकुडाऽऽ!"

"ओ!" तो म्हणाला, आणि "ओ" म्हणायला तोंड उघडलं म्हणून द्रोण ओठांपासून दूर झाला.

मग तो लटारूशी बोलू लागला. "तू लटारू. तुझा अंगठा वाकडा आहे. तुझ्या टोपलीतून मोहरीसुद्धा गळत नाही. तू गातोस तवा कुत्री घरात पळतात." पुन्हा हाक आली, पुन्हा त्यानं ओ दिली. किती वेळ असं चाललं कोण जाणे. शेवटी लटारूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, "माझं गाणं इतकं काही वाईट नाही, गा."

त्याला उठवून उभं करताना उरकुडाची नजर बाकीच्यांवर गेली. जन्मभर त्यानं झाडीतून एकेकाला नावानं बाहेर काढलं होतं. त्यानं पाळीवरच्यासारखाच आवाज लावला. "सोमा! पैकू! मंगरू!" जी नावं त्याला लोकांकडून ऐकून माहीत होती ती त्यानं घेतली. सोमा उठला. पैकू उठला. मंगरू उठला, अंगावरची पानं झटकत. भट्टीचा जाळ तेव्हा पहिल्यांदा खाली बसला, असं म्हणतात.

पण पानांचे जे जुने ढीग होते, त्यांची नावं गावातही कोणाला आठवत नव्हती. उरकुडा जायला वळला, तेव्हा ते ढीग हलले. नुसते हलले, आणि पुन्हा स्थिर झाले.

ते हलणं तो विसरला नाही.

पुढं पाळीवर माणसं वाढत गेली. लांबच्या गावांहूनही येऊ लागली. लटारू आणखी दोनदा नाल्यापलीकडं गेला आणि दोन्ही वेळा सगळे मिळून जाऊन त्याला घेऊन आले. कोणी त्याला बोल लावला नाही. उरकुडा म्हातारा झाला, तरी सूर्य कलला की त्याला वास येई. "अजून येतो का हो?" असं कोणी विचारलं तर म्हणे, "येतो ना. म्हणून तर इथं बसतो."

भागरता गेली, सगुणा सासरी नांदू लागली. मग एका तिन्हीसांजेला, सगळ्यांच्या नावांना ओ येऊन गेल्यावर, तो काठी घेऊन उठला.

"कोठी चालला, भाऊ?" बेनाबाईनं विचारलं.

"ते बसले आहेत ना अजून. त्यांची नावं कोणीतरी शोधली पाहिजेत."

सगळ्यांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही. पाळीवरून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो एकेका ढिगापाशी उभा राहून अंदाजानं नावं घेत होता, जी सुचतील ती. "कवडू? आडकू? फागो? चैतू?" प्रत्येक नावानंतर थोडा थांबे. बेनाबाई त्याचं नाव घेत राहिली आणि प्रत्येक वेळी तिकडून ओ आली. अंधार पडला तेव्हाही आली. सकाळी आवाज दूर गेला होता, पण ओ येत होती. तो बाहेर मात्र आला नाही. भट्टीच्या जागी पुढं लोकांना राख सापडली, पण ढीग सापडले नाहीत, आणि उरकुडाही नाही. वाऱ्याच्या दिवसांत जंगलातून कोणी नावं घेत फिरतं, असं म्हणतात.

हिरडटोल्यात अजून दारू सोडणारी माणसं तिन्हीसांजेला तलावाच्या पाळीवर बसतात. कोणी आपलं नाव सांगत नाही, शेजारच्याचं घेतो, आणि शेजारचा ओ देतो. एखाद्या नावाला ओ आली नाही, तर घरी चुलीवरचा भात तसाच राहू देऊन सगळे उठतात आणि त्याला शोधून आणतात.

आणि गावात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी पाळण्यात घालण्याआधी आत्या पाळीवर जाते. जंगलाकडं तोंड करून ठरवलेलं नाव मोठ्यानं पुकारते. उरकुडाच्या वतीनं, असं ती म्हणते; न जाणो, ते नाव त्या ढिगांतल्या एखाद्याचं असलं तर. मग बाळाला कुशीत घेऊन बायका उभ्या राहतात. पानं वाजतात का, झाडीतून कोणी उठून येतं का, ते बघतात.

कोणी आलं नाही, की मग ते नाव बाळाच्या कानात सांगतात.