ढोलीतली मावशी

एका चातुर्मासात मी नेम धरला, विकणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय फोनवरून काही मागवायचं नाही. त्यामागची ही कहाणी.

फार पूर्वी रानात ढोलीआडून बाजार चाले. विकणारा दिसत नसे. एका खारीचं पिल्लू तापानं फणफणलं. ढोलीतून गोड आवाज आला, “अगं, मी तुझ्या माहेरची मावशी. तापावरची मुळी घेऊन जा.”

सरडा म्हणाला, “खारुताई, आधी शेपूट दाखवायला सांग.” खारींत ओळखीची तीच रीत होती.

“इश्श! मावशीला असं कसं विचारू? रुसेल ना!”

साठवलेले दाणे देऊन तिनं मुळी आणली. उगाळली, तर नुसती वाळकी काडी. धावत परतली, तर ढोली रिकामी. औषधाविना पिल्लू गेलं.

तेव्हापासून ती ढोलीपाशी बसून येणाऱ्या प्रत्येक आईला शेपूट बघायला लावी. बायांनो, तुम्हीही ओळख विचारत जा. खरी मावशी त्यानं रुसत नाही.